झाकण लावून काढलेले फोटो

परीक्षित गजभियेने आपला जुना कॅमेरा बायकोला दिला, तेव्हा तो त्याच्या कामातून गेलेलाच होता. बाहेरून ठणठणीत दिसायचा, पण आतला सेन्सर खराब झाला होता. पूर्वी कॅमेऱ्यात जिथे फिल्म असायची तिथे आता सेन्सर असतो, आणि त्यावर उजेड टिपणारे लाखो बारीक बिंदू असतात. त्यातले काही मरतात, मग फोटोत त्या जागी काळा ठिपका राहतो. काही तापतात. शटर बराच वेळ उघडं ठेवलं की हे तापणारे बिंदू उजेड नसताना आपोआप पेटतात आणि दर फोटोत नेमक्या त्याच जागी लाल, निळा नाहीतर पांढरा ठिपका उमटतो. परीक्षित नोएडातल्या एका बातम्यांच्या कंपनीत नावाजलेला फोटोग्राफर होता. सभा, दंगली, आगी, सगळीकडे हा कॅमेरा त्याने वर्षानुवर्षं रगडला होता. ऑफिसने नवा दिला तसा जुना त्याने प्रणिताकडे सरकवला. घरातल्या घरात तुला चालेल, असं म्हणाला.

प्रणिताही फोटोग्राफरच होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे ते फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ती वर्ध्याची, प्रणिता सोमकुवर. शिकायला दिल्लीत आली, एका पर्यटनाच्या मासिकात लागली, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांत परीक्षित भेटला. दोघांची घरं बौद्ध, दोघांची मुळं विदर्भात, त्यामुळे लग्नाला कुणाची आडकाठी झाली नाही. लग्नानंतरही तिचे फोटो सोमकुवर याच नावाने छापून येत होते.

परीक्षितची आई शेवंताबाई भंडाऱ्याहून तरुणपणी दिल्लीला आलेली. एका मंत्रालयात टायपिस्ट म्हणून चिकटली, परीक्षा देत देत सेक्शन ऑफिसर झाली. नवरा लवकर गेला. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तिने अरुणा आणि परीक्षित या दोघांना एकटीने वाढवलं. निवृत्त झाल्यावर काही वर्षं ती कधी लेकीकडे, कधी लेकाकडे राहायची. मग तिला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, आणि डोळ्यांना उजेड सोसेनासा झाला. खिडकीचा पडदा जरा सरकला तरी ती कपाळ आवळून घ्यायची.

आईला कुणाकडे ठेवायचं हे भावाबहिणीने फोनवर ठरवलं. अरुणा आर. के. पुरममध्येच तिसऱ्या मजल्यावर राहायची, लिफ्ट नव्हती, मुलांच्या बोर्डाच्या परीक्षा होत्या आणि तिची स्वतःची मंत्रालयातली नोकरी होती. परीक्षित सतत दौऱ्यावर. राहिली प्रणिता. मासिकाचं तसंही काही खरं नाही, असं परीक्षित म्हणाला. तिने राजीनामा दिला. पुढल्या वर्षी मासिक खरंच बंद पडलं, आणि परीक्षितने ते तिला दोन-तीनदा बोलून दाखवलं, जणू ते त्यानेच वेळेवर ओळखलं होतं.

शेवंताबाई गोड सासू नव्हती. चाळीस माणसांच्या सेक्शनवर हुकूम चालवलेली बाई होती ती, आणि आता तिचं बेडपॅन, तिची आंघोळ, तिचं कुशीवर वळणं सगळं सुनेच्या हातात आलं होतं. पहिले काही महिने दोघी एकमेकींना सांभाळून, जरा अंतर राखूनच वागल्या. प्रणिता कामं करायची आणि बाहेर येऊन बसायची. शेवंताबाई अंधारात छताकडे बघत पडून राहायची.

हिवाळ्यातल्या एका दुपारी प्रणिता औषध द्यायला आत गेली, तेव्हा पडद्याच्या फटीतून उजेडाची एक बारीक पट्टी भिंतीवर पडली होती. ती भिंतीवरून खाली उतरून रजईवर आणि शेवंताबाईच्या उजव्या हातावर आली होती. प्रणिता औषध हातात धरून तशीच उभी राहिली. मग बाहेर जाऊन कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन आली.

"आई, फोटो काढू का?" तिने विचारलं.

"माझा? आत्ता?" शेवंताबाईची जीभ जड झाली होती, पण शब्द कळायचे. मग म्हणाली, "काढ. ऑफिसातल्या एकूणएक निरोपसमारंभात माझे डोळे मिटलेलेच आलेत."

एवढ्या कमी उजेडात शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागणार होतं. हलू नका, असं प्रणिताने सांगितलं. हलायला माझ्यात राहिलंय काय, असं शेवंताबाई म्हणाली, आणि शटर मिटेपर्यंत तिने खरंच श्वाससुद्धा बेताने घेतला.

फोटो तिला बघायचाच होता. प्रणिताने कॅमेऱ्याच्या पडद्याचा उजेड अगदी मंद केला आणि तिच्यासमोर धरला. कानाच्या पाळीपाशी एक लाल ठिपका चमकत होता. "कानात कुडी घातलीस काय माझ्या?" शेवंताबाईने विचारलं. तिच्या खऱ्या कुड्या अरुणाच्या लग्नात गेल्या होत्या. प्रणिता हसली आणि तो कॅमेऱ्याचा दोष आहे, काढून टाकता येतो, असं तिने सांगितलं. एवढा राहू दे, असं शेवंताबाई म्हणाली.

त्या दुपारनंतर हे रोजचंच झालं. जेवण झालं, अंग पुसून झालं, की शेवंताबाई स्वतःच विचारायची, आणायचा का तुझा खटारा. कधी फक्त हात, कधी उशीवरची मान, कधी कॉटच्या कडेला टेकवून बसवलेली ती आणि मागे भिंतीवर अंधारात जेमतेम ओळखू येणारी बुद्धाची तसबीर. प्रणिता उजेड सरकायची वाट बघायची. एका फोटोसाठी कधीकधी अख्खी दुपार जायची, आणि तेवढ्या वेळात दोघी बोलायच्या. मंत्रालयातली भांडणं, भंडाऱ्याची तळी, नवरा गेल्यावर ज्यांनी दारात उभं केलं नाही ते नातेवाईक. मुलांशी कधी बोलली नाही असं बरंच शेवंताबाई त्या खोलीत बोलली.

ठिपक्यांचं काम वेगळंच होतं. फोटो काढल्यावर लगेच तेवढाच वेळ शटर बंद ठेवून हे दोष स्वतःच वजा करायची सोय कॅमेऱ्यात होती. पण त्यात प्रत्येक फोटोला दुप्पट वेळ लागायचा, आणि मधल्या वेळात कॅमेरा दुसरं काहीच करू द्यायचा नाही. शेवंताबाई तेवढ्यात थकायची. म्हणून प्रणिताने ती सोय बंद करून टाकली. त्याऐवजी सगळे फोटो झाले की ती भिंगावर झाकण लावायची आणि तेवढ्याच वेळाचे दोन-चार फोटो काढायची. ते काळेकुट्ट यायचे, त्यात फक्त पेटलेले बिंदू दिसायचे. मग संगणकावर हा काळा फोटो खऱ्या फोटोतून वजा करायचा. त्यातूनही जे ठिपके उरतील ते एकेक मोठे करून, शेजारचा रंग उचलून हाताने झाकायचे. गालावरचा ठिपका झाकताना तिथली सुरकुती पुसली जाणार नाही, हे बघावं लागायचं.

"झाकण लावून कसले फोटो काढतेस?" शेवंताबाईने एकदा विचारलं. समोर काहीच नसताना कॅमेऱ्याला जे दिसतं ते टिपून ठेवते, आणि नंतर ते खऱ्यातून काढून टाकते, असं प्रणिताने समजावलं. शेवंताबाईने त्यावर विचार केला. "आमच्या ऑफिसात एक-दोघांसाठी पाहिजे होतं हे," ती म्हणाली.

उन्हाळा आला तशी खोली तापायला लागली. कॅमेरा तापला की बिंदू जास्त पेटतात. जिथे आधी काही नव्हतं तिथेही नवे ठिपके यायला लागले, आणि मे महिन्यातले काळे फोटो नीट पाहिले तर त्यांत रंगीत भुकटी सांडल्यासारखी दिसायची. प्रणिताचं सफाईचं काम कितीतरी वाढलं. शेवंताबाई झोपली की ती संगणकाशी बसायची आणि एकेक ठिपका झाकत राहायची. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुठे छापायचं नव्हतं. पण नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदाच तिला आपण काहीतरी करतोय असं वाटत होतं.

परीक्षित त्या महिन्यांत निवडणुकांच्या मागे फिरत होता. घरी आला की आईच्या दारात उभा राहायचा, कशी आहेस विचारायचा, आणि फोन वाजला की बाहेर जायचा. बायको आईचे फोटो काढते हे त्याला ठाऊक होतं. चांगलं आहे, तुझाही वेळ जातो, एवढंच तो म्हणाला.

जूनमध्ये दुसरा झटका आला आणि शेवंताबाई गेली. नागपूर-भंडाऱ्याहून माणसं आली, पांढऱ्या कपड्यांत सगळे बसले, भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी परीक्षित सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. ते रडणं खोटं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर प्रणिताने त्याला सगळे फोटो दाखवले. तो शेवटपर्यंत बघत राहिला. मध्येच त्याने तिचा हात धरला. मला हे काहीच माहीत नव्हतं, असं म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याने तिच्या कामाकडे असं पाहिलं नव्हतं, आणि सासूच्या जाण्याच्या दुःखातही तिला ते सुखाचं वाटलं. फोटो आपल्याकडेही असावेत, असं तो म्हणाला. तिने हार्ड डिस्कच त्याच्या हातात दिली. काळे फोटो तेवढे तिच्या लॅपटॉपवर वेगळ्या जागी होते. त्याने ते मागितले नाहीत, असतील असं त्याच्या मनातही आलं नसावं.

पुढच्या थंडीत परीक्षित म्हणाला, की मंडी हाउसजवळच्या एका गॅलरीत त्याचं प्रदर्शन ठरतंय, आईवर काहीतरी करतोय. माझे फोटो घेणार आहेस का, असं प्रणिताने विचारलं. बघू, ते क्युरेटर ठरवेल, असं तो म्हणाला. तिला वाटलं, आईचे त्याने काढलेले जुने फोटो असतील, जोडीला आपले दोन-चार लावेल. उद्घाटनाला ती साडी नेसून, मनातून खुशीतच गेली.

आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'आई' लिहिलं होतं, खाली परीक्षित गजभिये. भिंतीवरचा प्रत्येक फोटो तिचा होता. रजईवरचा हात, उशीवरची मान, तसबिरीखाली बसलेली शेवंताबाई. पहिल्या दुपारचा फोटो सगळ्यात मोठा करून लावला होता, आणि त्यातला कान मोकळा होता. तिने मुद्दाम ठेवलेला तेवढा ठिपका परीक्षितने सफाईने झाकला होता. काम उत्तम केलं होतं.

लोक फोटोंसमोर थांबत होते, परीक्षितचा हात हातात घेत होते. एक बाई डोळे पुसत प्रणिताजवळ आल्या आणि हिंदीत म्हणाल्या, की असा मुलगा फार थोड्यांना मिळतो, आणि त्या दिवसांत तुम्हीही त्याला खूप साथ दिली असेल. प्रणिताने मान हलवली. त्या मान हलवण्याचा तिला पुढे कित्येक दिवस राग येत राहिला.

घरी परतताना गाडीत ती बोलली. परीक्षित शांत होता, जणू या बोलण्याची त्याने तयारी ठेवली होती. त्याने समजावलं, की प्रणिता सोमकुवर या नावाला दिल्लीत ती भिंत मिळाली नसती. त्याच्या नावामुळे मिळाली, आणि त्यामुळे आई लोकांपर्यंत पोचली. यार, घरातलंच तर आहे सगळं, तुझं-माझं काय त्यात, असंही म्हणाला. तिने एवढंच म्हटलं, की उद्या सकाळी जाऊन माझं नाव लाव.

तो गाडी चालवत राहिला. यमुनेवरचा पूल संपला, नोएडाच्या कमानी दिसायला लागल्या.

"आई माझी होती, प्रणिता," तो म्हणाला.

"फोटो माझे आहेत."

"तिचा चेहरा बघ त्यात. माझाच चेहरा आहे तो. मी ते कसे दुसऱ्या कुणाच्या नावाने लावू?"

म्हणजे प्रणिता आता दुसरी कुणीतरी होती.

काही दिवसांनी ती लॅपटॉप घेऊन गॅलरीत गेली. प्रदर्शन मांडणाऱ्या क्युरेटर बाईंचं नाव अलकनंदा. मूळच्या गढवालच्या, अभ्यासू आणि सरळ बोलणाऱ्या. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला, आणि सगळं ऐकून घेतलं. प्रणिताने त्यांना काळे फोटो दाखवले. झाकण लावून का काढावे लागतात ते सांगितलं. भिंतीवरच्या फोटोंच्या ठिपक्यांसकटच्या मूळ प्रती परीक्षितने गॅलरीला दिल्या होत्या, त्या उघडायला लावल्या, आणि दोन्हींतले ठिपके एकावर एक ठेवून कसे तंतोतंत बसतात ते दाखवलं. त्या-त्या दिवशी, त्या-त्या खोलीत, तेवढाच वेळ शटर उघडं ठेवून जो बसला असेल त्याच्याशिवाय हे काळे फोटो कुणाकडे असणार, असं तिने विचारलं. अलकनंदांना मुद्दा कळला. मी शहानिशा करते, असं त्या म्हणाल्या, आणि प्रणिता त्या दिवशी हलक्या मनाने घरी आली.

शहानिशा झाली. पुन्हा बोलावल्यावर अलकनंदांनी टेबलावर परीक्षितचे जुने छापील फोटो मांडले. आगीचे, सभांचे, काळोखात काढलेले. त्यांतल्या दोन-तीन फोटोंत त्याच जागी तोच लाल ठिपका होता. परीक्षितने ते स्वतःच पाठवले होते. कॅमेरा एकच आहे, आणि तो त्यांचा आहे हे तुम्हीही मान्य करता, असं अलकनंदा म्हणाल्या. प्रणिताने नव्या ठिपक्यांकडे बोट दाखवलं. हे त्या उन्हाळ्यातच आले, आणि तोवर त्याने हा कॅमेरा सोडून दिला होता, असं तिने सांगितलं. अलकनंदा म्हणाल्या, की घरी आपण जुनाच वापरत होतो, असं त्यांचं म्हणणं आहे. फोटोंवरच्या तारखांचा काही उपयोग नव्हता. कॅमेऱ्याच्या आतली छोटी बॅटरी केव्हाच संपली होती, आणि प्रत्येक फोटोवर कुठल्या तरी भलत्याच वर्षाची तारीख पडायची.

"आणि काळे फोटो?" प्रणिताने विचारलं.

अलकनंदांनी जरा अवघडून तिच्याकडे पाहिलं. "वो कहते हैं, सफ़ाई का काम आपने किया था। उन्हीं के कहने पर।"

ज्या कामात तिने इतक्या दुपारी घातल्या, तेच काम आता तिच्याविरुद्ध उभं राहिलं होतं. ठिपके पुसणारी बाई. तिच्याकडे काळे फोटो असणारच, कारण पुसण्याचं काम तिचं होतं. अलकनंदांनी विचारलं, की काढताना कुणी पाहिलं होतं का. घरातलं एखादं माणूस सांगणार असेल, तर मी नाव बदलायला तयार आहे, असंही त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या.

पाहिलं होतं. अरुणाने पाहिलं होतं. एप्रिलमध्ये ती आईला भेटायला आली, तेव्हा शटर उघडं होतं म्हणून प्रणिताने तिला हाताने खूण करून दारातच थांबवलं होतं. फोटो होईपर्यंत अरुणा तिथे पिशवी धरून उभी होती. नंतर आईने तिला तो फोटो कौतुकाने दाखवायलाही लावला होता.

प्रणिता मेट्रोने आर. के. पुरमला गेली. रविवार होता. अरुणा दिवाणखान्यात वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसली होती, समोर टीव्ही आवाज बंद करून चालू होता. तिने प्रणितालाही मूठभर शेंगा दिल्या. प्रणिताने सगळं सांगितलं आणि क्युरेटर बाईंना एक फोन करा, एवढंच मागितलं.

अरुणा दाणे काढत राहिली. परीक्षितचं बोलणं तिच्याशी आधीच झालं होतं हे उघड होतं. तिने आधी घराण्याच्या नावाचं काढलं, मग ऑफिसातले लोक प्रदर्शन बघून आले आणि कसे भारावले ते सांगितलं. प्रणिताने विचारलं, की तुम्ही त्या दिवशी दारात उभ्या होतात की नाही.

"होते," अरुणा म्हणाली. "मी कुठे नाही म्हणतेय."

"मग तेवढंच सांगा ताई."

"तेवढंच राहत नाही गं ते." अरुणाने शेंगा बाजूला केल्या. "तू काढलेस म्हणून सांगितलं, की पुढचा प्रश्न येतो. मुलगा कुठे होता, मुलगी कुठे होती. आठ महिन्यांत मी किती वेळा आले, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. आज लोक म्हणतात, गजभियेंच्या मुलांनी आईचं केलं. ते माझ्या तोंडाने मी नाही मोडणार."

"केलं मी होतं."

"हो, तू केलंस," अरुणा म्हणाली. "आम्ही विसरणार नाही." आणि तिने विचारलं, की जेवून जाशील ना, मटारची उसळ करतेय.

प्रणिता जेवायला थांबली नाही. खाली उतरताना जिन्यात तिच्या लक्षात आलं, की हातात अजून दोन-तीन शेंगा तशाच आहेत. त्या तिने कठड्यावर ठेवल्या.

त्यानंतर तिने कुणाला काही पटवायचा प्रयत्न केला नाही. प्रदर्शन पुढे मुंबईला गेलं, त्याला एक पुरस्कार मिळाला. घरात ती आणि परीक्षित भांडतही नव्हते. तो तिच्याशी पूर्वीपेक्षा जपून वागायचा, स्वतः चहा करून द्यायचा, आणि तेच तिला सहन होईना. उन्हाळ्याच्या आधी तिने नोएडातच दुसऱ्या सेक्टरमध्ये एक खोली घेतली आणि सामान हलवलं. कॅमेरा तिने नेला नाही. तो तुझा आहे, असं म्हणून कपाटात ठेवून आली. हे बोलताना आपण टोमणा मारतोय असं तिला वाटलं होतं. परीक्षितने फक्त मान डोलावली. पुढे तो कॅमेराही एका प्रदर्शनात काचेच्या पेटीत मांडला गेला, असं तिच्या कानावर आलं.

तिला नोकरी मिळाली ती ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कंपनीच्या स्टुडिओत. बूट, पर्स, प्रेशर कुकर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. चारी बाजूंनी एवढा उजेड, की शटर उघडलं न उघडलं तोच मिटायचं. तिथल्या फोटोंखाली कुणाचंच नाव नसायचं, आणि हे सुरुवातीलाच सांगितलेलं होतं. काम तिला सोपं जायचं. सहकारी तिला शांत आणि कामसू बाई समजायचे.

वर्षभराने परीक्षितचा फोन आला. ती दुपारची सुट्टी होती, ती स्टुडिओबाहेरच्या पायऱ्यांवर डबा खात होती. आधी तब्येतीची चौकशी झाली. मग त्याने सांगितलं, की त्या फोटोंचं पुस्तक निघतंय. प्रकाशकाला फोटोंबरोबर मजकूर हवाय, त्या महिन्यांबद्दल, आईबद्दल. आभारांत तिचं नाव मोठ्या अक्षरांत घालू, असंही तो म्हणाला. ती ऐकत राहिली. मग त्याचा आवाज उतरला.

"प्रणिता, आई काय बोलायची गं तेव्हा? फोटो काढताना?"

तो हे फक्त पुस्तकासाठी विचारत नव्हता. तेवढं तिला आवाजावरून कळलं, आणि म्हणूनच तिने फोन ठेवला नाही. भंडाऱ्याची तळी, मंत्रालयातली भांडणं, सगळं तिच्या तोंडाशी आलं. त्यातलं एकही तिला त्याला द्यावंसं वाटेना. एक गोष्ट मात्र ती आजवर कुणाला बोलली नव्हती, आणि आता ती तिने सांगितली.

"मी एकदा म्हटलं होतं, परीक्षित आलाय, आज त्याला काढू द्या तुमचा फोटो. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तर आई म्हणाल्या, त्याला नको बोलावू. तो आला की मला वाटतं, मी कुणाची तरी गाडी चुकवतेय."

मागे त्याच्या ऑफिसातलं कुणीतरी हसत होतं.

"हे मी कसं लिहू?" शेवटी तो म्हणाला.

"नको लिहूस," ती म्हणाली. "तू विचारलंस म्हणून सांगितलं."

त्याने फोन ठेवला. ती डबा पुरा करून आत गेली. त्या दिवशी लहान मुलांचे बूट होते, प्रत्येक जोडाचे सगळ्या बाजूंनी फोटो. ते तिने संध्याकाळपर्यंत संपवले. आपण त्याला दुखावलं याचं समाधान वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. शेवंताबाईने विश्वासाने बोललेलं एक वाक्य आपण भांडणात खर्च करून टाकलं, एवढंच वाटत राहिलं.

पुस्तक थंडीत आलं. मेट्रोतून उतरून घरी जाताना मॉलमधल्या पुस्तकाच्या दुकानात दर्शनी टेबलावर तिला ते दिसलं. तिने उभ्या उभ्या चाळलं. मजकूर इंग्रजीत होता. त्यात परीक्षितने लिहिलं होतं, की आजारात आई कुणाच्याही समोर यायला तयार नसायची, फक्त त्याच्यासमोर तिला संकोच वाटायचा नाही. तो येईपर्यंत ती दुपारभर वाट बघायची. मग उजेडाची पट्टी भिंतीवरून खाली उतरायची, आणि तो म्हणायचा, आई, आता हलू नकोस.

प्रणिताने तो परिच्छेद दोनदा वाचला. लिहिलं चांगलं होतं. तिला ठाऊक नसतं तर तिचाही विश्वास बसला असता. कदाचित त्याचाही आता बसला असेल, असं तिला वाटलं. आभारांत तिचं नाव होतं, प्रणिता गजभिये म्हणून, अरुणाच्या नावाखाली.

मग तिने मजकूर सोडून फक्त फोटो पाहिले. कागद जाड होता. छापताना अंधाराचा चिखल झालेला नव्हता, रजईची शिवण, मानेवरचा घाम, भिंतीवरची तसबीर, सगळं काळ्यातून वेगळं उठून येत होतं. एवढ्या मोठ्या आकारात शेवंताबाईचा चेहरा तिच्याकडे नव्हता. मूळ प्रतींची हार्ड डिस्क परीक्षितकडेच राहिली होती, आणि तिच्याजवळ होते ते झाकण लावून काढलेले फोटो.

तिने पुस्तक मिटलं आणि काउंटरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिची पाळी आली, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने मुखपृष्ठाकडे बघून हिंदीत विचारलं, की या तुमच्या ओळखीच्या आहेत का, तुम्ही केव्हाच्या त्यांच्याकडेच बघत होतात. प्रणिता म्हणाली, नाही, छपाई बघत होते.